प्रभुभोजनाच्या रांगेत शेवटी

परवा आमच्या चर्चच्या मंडळीतली एक सून माझ्याकडे येऊन बसली. डॉक्टरांनी तिला फुप्फुसाचा फोटो दाखवून टी.बी. असल्याचं सांगितलं होतं. आता गोळ्या घेऊन माणूस खडखडीत बरा होतो, हे तिलाही ठाऊक होतं. तिने मला विचारलं ते वेगळंच. "आत्या, तुम्ही परत सगळ्यांत कशा मिसळलात हो?"

मी बाकीचं सगळं सांगून टाकलं, विचारलेलं नव्हतं तरी. गोळी एकही चुकवायची नाही. बरं वाटायला लागलं की औषध सोडायचा मोह होतो, तो आवरायचा. दूध-अंडी मिळतील तेवढी खायची. माझा स्वभावच तसा, चार सूचना केल्याशिवाय मी कोणाला दारातून जाऊ देत नाही. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर चहाचा कप संपेपर्यंत देता येईना. म्हणून आता सावकाश लिहिते आहे.

मनुका

साठच्या दशकाचा उत्तरार्ध असेल. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, यायची आणि तिच्या भाकरीला सगळं जळगाव नाकं मुरडायचं. आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. हे हायस्कुलात चित्रकला शिकवत आणि मी प्राथमिक शाळेत होते. घरात सासूबाई आणि चार वर्षांची नलू. सासूबाईंचं माहेर-सासर दोन्ही धुळ्याकडचं. जळगावात येऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांची अहिराणी काही सुटली नव्हती. मी त्यांना माय म्हणायची.

रविवारी चर्चमध्ये मुलांची शब्बाथशाळा मी घ्यायची, नाताळची नाटुकली मी बसवायची, प्रीतिभोजनाला भात किती टाकायचा तेही मीच सांगायची. पण माझं खरं मानाचं काम महिन्यातून एकदाच असे. पहिल्या रविवारी प्रभुभोजन व्हायचं, म्हणजे येशूच्या आठवणीने सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट घ्यायचा. तो द्राक्षारस मी करायची. तेव्हा दारूबंदी होती, आणि नसती तरी आमच्या मंडळीत बाटलीतलं काही चाललं नसतं. काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या, उकळायच्या, निवल्या की पातळ फडक्यात घालून हाताने पिळायच्या. बाजारातला मारवाडी दुकानदार मला लांबूनच ओळखायचा. "देवाच्या मनुका ना, बाई?" असं म्हणून तो स्वतः काड्या वेचून मनुका तोलायचा. त्याच्या देवाचं आणि आमच्या देवाचं त्या पुडीपुरतं छान जमत असे.

प्याला एकच होता, पितळेचा, आतून कल्हई केलेला. सगळी मंडळी त्याच एका प्याल्यातून घ्यायची. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, प्रत्येकापुढे तो धरायचे, कड पांढऱ्या फडक्याने पुसायचे, जरासा फिरवायचे आणि पुढच्याला द्यायचे. शेवटी उरलेला रस ते स्वतः पिऊन प्याला रिकामा करत, कारण तो रस टाकायचा नसतो. मग प्याला माझ्याकडे यायचा. मी तो चिंचेने घासून कपाटात ठेवायची. त्या कपाटाच्या किल्लीचा मला फार अभिमान होता.

त्या पावसाळ्यात खोकला लागला तो जाईना. अडुळशाचा काढा झाला, हळद-दूध झालं. अंग संध्याकाळी तापायचं आणि सकाळी घामाने ओलं व्हायचं. शाळेत पाढे म्हणवून घेताना दम लागायचा. मग एका संध्याकाळी खोकताना पदर तोंडाला लावला आणि पदरावर लाल डाग दिसला. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी तो डाग पाहिला आणि हातातली भाकरी तव्यावर टाकली. ती भाकरी करपली. सासूबाईंच्या हातची भाकरी करपलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

फोटो पाहिला तो दिवस

डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि बोटाने एक ढगाळ जागा दाखवली. "क्षय आहे," ते म्हणाले. "घाबरू नका, औषधं आहेत. पण दवाखान्यात राहावं लागेल, आणि बरेच महिने."

लोकांना वाटतं की अशा वेळी माणसाला मरण आठवतं, मूल आठवतं. मला नलू आठवली, पण नंतर. पहिलं जे आठवलं ते फडकं. ओलं फडकं आणि त्यात पिळलेल्या मनुका, ह्या हातांनी, ह्या खोकल्यासकट. गेले दोन-तीन महिने आख्खी मंडळी माझ्या हातचा रस प्यायली होती. म्हातारीकोतारी माणसं आणि नुकत्याच बाळंत झालेल्या पोरी, सगळ्या. मी डॉक्टरांना ते विचारलं. त्यांना आधी कळेचना मी कशाबद्दल बोलते आहे. कळल्यावर म्हणाले, "असा रसातून हा रोग पसरत नाही, बाई. तो खोकल्यातून, हवेतून पसरतो." मला ते ऐकू आलं, पण पटलं नाही. डॉक्टरांचं ऐकणं आणि ते पटणं यांत माझ्या बाबतीत पुष्कळ महिने गेले.

घरी टांग्याने परतलो. हे एरवी मितभाषी, त्या दिवशी सारखे बोलत होते. यंदा केळीला भाव कसा आहे, असोद्याच्या कोणाच्या बागेत घड कसे पडले, कापसाच्या गाड्या जिनिंगपाशी कशा अडल्या आहेत. यांचा आणि शेतीचा संबंध केळी खाण्यापुरताच. मी ऐकत राहिले. घराशी टांगा थांबल्यावर हे म्हणाले, "नलूला काय सांगायचं?"

धुळ्याच्या बाजूला एका मिशन दवाखान्यात जागा मिळेपर्यंत काही आठवडे घरीच काढावे लागले. सासूबाईंनी माझं ताट, वाटी, तांब्या, पेला वेगळा केला. खिडकीत एका फळीवर त्यांची जागा झाली. जेवण झालं की त्या उकळतं पाणी घेऊन यायच्या आणि पदराने तोंड बांधून ती भांडी धुवायच्या. नलू माझ्याकडे झेपावली की तिला उचलून न्यायच्या. हे बरोबर होतं. मी स्वतः शाळेत मुलांना आरोग्याचे धडे शिकवलेली बाई, मला ते कळत होतं. तरी प्रत्येक वेळी मला अपमान झाल्यासारखं व्हायचं, आणि कळूनही वाटतं याचाच जास्त राग यायचा.

एकदा मी भांड्यांकडे बघत बसले होते, तर त्या म्हणाल्या, "हाई मी पोरसाठे करस. तुनावर राग नही मना."

"माहीत आहे, माय," मी म्हणाले. त्या रात्री जेवले मात्र नाही.

दुपारची घंटा

जळगावाहून गाडीने चाळीसगाव, तिथे गाडी बदलून धुळे. चाळीसगावच्या फलाटावर यांनी मला भजी घेऊन दिली आणि मी एकही खाऊ शकले नाही. ती भजी आजही डोळ्यांपुढे येतात. हातात पुडा, तेल झिरपलेला कागद आणि समोर धुळ्याची छोटी गाडी, सगळ्यांना सावकाश घेऊन जाणारी. आता त्या मार्गाने जाते तेव्हा काचेतून बघताना मला त्या प्रवासाची आठवण चक्क गोड वाटते. माणसाचं मन कशालाही गोडी लावतं.

दवाखाना बैठा, कौलारू. बायकांचा वॉर्ड म्हणजे एक लांबच लांब ओसरी, तिच्यात ओळीने खाटा आणि बाहेर कडुलिंब. मागे नातेवाइकांच्या चुलींची रांग होती. संध्याकाळ झाली की तिकडून भरिताच्या वांग्यांचा वास यायचा आणि आम्ही सगळ्या दूध-अंड्यांना शिव्या द्यायचो. सुई एक दिवसाआड, आणि रोज औषधाच्या त्या पुड्या. पुड्यांचं वर्णन मी करत नाही, ज्यांनी खाल्ल्या त्यांना ते नको असेल. सुईने कान वाजायचे. थुंकीची झाकणाची डबी उशाशी असायची. पहिल्या आठवड्यात मला तिच्याकडे बघवायचं नाही, पुढे ती पाण्याच्या तांब्यासारखी वाटायला लागली.

आणि दुपारची घंटा. जेवणं झाली की सिस्टर व्हरांड्यात घंटा वाजवायची. मग पुढची घंटा होईपर्यंत सगळ्यांनी उताणं पडून राहायचं. बोलायचं नाही, वाचायचं नाही, विणायचं नाही. सुईइतकाच हाही उपचार आहे, असं डॉक्टर बजावत. मला ही शिक्षा वाटायची. आयुष्यात दुपारी आडवी झाले ते फक्त नलूच्या बाळंतपणात, आणि तेव्हाही तांदूळ निवडले होते.

शेजारच्या खाटेवर सोनाक्का होती. शिरपूरकडच्या खेड्यातली, नवरा शेतकरी, वय माझ्यापेक्षा बरंच जास्त. तिचं माझ्यावर बारीक लक्ष असे. "काय वं मास्तरीनबाई," घंटा संपली की ती म्हणायची, "डोळा मिटी पडेल व्हतीस, पन झोपेल नव्हतीस. माले समजस."

"प्रार्थना करत होते मी."

"इतला येळ? तुना देवले बाकी कामं नहीत का?"

मला हसू यायचं आणि रागही यायचा. कारण खरंच मी प्रार्थना करत होते, पण ती करायची पद्धत पाहा. यांच्यापासून सुरुवात, मग नलू, सासूबाई, मग शाळेचा माझा वर्ग, मग मंडळीतलं एकेक घर गल्लीच्या क्रमाने. ज्यांनी माझ्या हातचा रस घेतला होता त्या प्रत्येकाचं नाव, आणि त्यापुढे "त्याला हा आजार होऊ नये." मधेच एखादं नाव सुटल्याची शंका आली की पुन्हा पहिल्यापासून. माझी प्रार्थना म्हणजे शाळेतली हजेरीच होती. देव म्हणजे तपासणीला आलेले साहेब आणि मी खडू घेऊन उभी. दम लागायचा, छाती धडधडायची, आणि घंटा झाली की मी आडवी होण्याआधी होते त्याहून जास्त थकलेली असायची.

हे पंधरवड्याने येत, कधी तेही जमत नसे. नलूला आत येऊ देत नसत. ती कुंपणापलीकडे सासूबाईंचा हात धरून उभी राहायची आणि मी ओसरीच्या पायरीवरून हात हलवायची. सुरुवातीला ती रडायची. मग रडेनाशी झाली. एका भेटीत तिने सासूबाईंना "आई, पाणी" म्हणून हाक मारलेली मी पायरीवरून ऐकली. सासूबाई चपापल्या आणि तिला चटकन माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "ती दख तुनी माय!" नलूने माझ्याकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहावं तसं.

त्याच दिवशी आमचं भांडण झालं. मी यांना म्हणाले, "तुम्ही तिला माझ्याबद्दल सांगत नाही का?" हे बिचारे उन्हातून, दोन गाड्या करून आलेले. म्हणाले, "तू इथे पडून आहेस. तिकडे शाळा, स्वयंपाक, आईचे गुडघे, पोरीचं सगळं मी बघतोय." पडून आहेस, हा शब्द बोलून यांचं तोंड उतरलं. केळीची फणी खाटेवर ठेवून हे परत स्टेशनावर गेले. मी ती केळी वॉर्डात वाटून टाकली, एकही खाल्लं नाही.

एक दुपार

काही महिन्यांनी दुसरा फोटो काढला. मला खात्री होती की आता सुटका. वजन वाढलं होतं, ताप थांबला होता. सोनाक्काचा फोटो चांगला आला आणि तिला घरी जायची परवानगी मिळाली. माझ्या फोटोतला ढग जिथल्या तिथे होता. डॉक्टर म्हणाले, "अजून राहावं लागेल. किती, ते आता सांगत नाही."

सोनाक्काच्या सुटकेचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ती लुगडं नेसून, केसांना तेल लावून, गाठोडं घेऊन खाटेशी आली तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं होतं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "मी जास वं. तू बी येशी. तवलोंग देवले जरा दम खाऊ दे," असं म्हणून ती हसत हसत गेली. बाहेर तिच्या माणसांची बैलगाडी उभी होती. घुंगरांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मग घंटा झाली. मी उताणी झाले. सवयीने प्रार्थनेला सुरुवात केली. "बापा," एवढं म्हणाले आणि पुढे काहीच येईना. नावं येईनात. यांचंही नाव येईना. हजेरी घ्यायला बसावं आणि पट मिटलेलाच राहावा, तसं झालं. आधी भीती वाटली. म्हटलं, आता माझी श्रद्धाही गेली, तेवढंच उरलं होतं. मी पुन्हा "बापा" म्हणाले. पुन्हा तेवढंच.

कडुलिंबाची सावली भिंतीवर हलत होती. शेजारची खाट रिकामी होती, गादी उन्हात टाकलेली. कुठेतरी लांब मोटेचा कुरकुर आवाज. मी पडून होते आणि माझ्या ध्यानात आलं की मला कोणी काही विचारत नाही. ज्याच्यापुढे मी इतके महिने यादी वाचत होते, तो यादी मागतच नव्हता. भाराखाली दमलेल्यांना तो विसावा देतो, हे वचन मी शब्बाथशाळेत किती मुलांकडून पाठ करून घेतलं होतं, हातवाऱ्यांसकट. तो विसावा माझ्यासाठीही असेल, हे काही मनात आलं नव्हतं. मी शिकवणारी होते ना.

आमच्या मंडळीत साक्ष द्यायची, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सगळ्यांपुढे सांगायची पद्धत आहे. कोणाला उजेड दिसलेला असतो, कोणी आवाज ऐकलेला असतो. मला यातलं काहीच झालं नाही. सांगते ते एवढंच की मी पडून राहिले आणि प्रथमच मला पडून राहता आलं. यांचं, नलूचं, मंडळीचं, माझ्या छातीतल्या ढगाचं काय व्हायचं ते त्याच्या हाती होतं, आणि माझ्या हाती कधीच नव्हतं. मग मला झोप लागली. जागी झाले ती चहाच्या वेळी. सिस्टर हसत होती, कारण माझी लाळ उशीवर गळली होती. माझी साक्ष ही अशी. चारचौघांत उभं राहून सांगावी अशी नाही.

पुढच्या वेळी पाळकसाहेब भेटीला आले. स्टूल लांब ठेवलेलं असे, ते त्यांनी खाटेला लावून घेतलं. मी त्यांना म्हणाले, "साहेब, हल्ली प्रार्थनेला सुरुवात केली की मला झोप लागते. पूर्ण होतच नाही."

ते हसले. "आमचं धाकटं रोज गोष्ट ऐकता ऐकता मांडीवर झोपतं," ते म्हणाले. "गोष्ट अर्धी राहिली म्हणून मी त्याला उठवतो काय?"

त्या दुपारनंतर मी बरी झाले, असं लिहिलं तर छान दिसेल, पण तसं झालं नाही. अजून दोन फोटो झाले. मधे एकदा पुन्हा रक्त पडलं. यांची माझी पुन्हा एकदा कडाक्याची झाली. नलू मला आई म्हणायला लागली ती घरी आल्यावर, आणि तेही लगेच नाही. पण घंटा झाली की मी आडवी व्हायची आणि पडून राहायची. कितीदा वाटतं, तो व्हरांडा, ती सावली, ती गार फरशी एकदा परत मिळावी. आजार नको. तेवढी दुपार मिळावी.

घरी

शेवटी घरी पाठवलं तेव्हा कागदावर स्पष्ट लिहून दिलं होतं की माझ्यापासून आता कोणाला धोका नाही. यांनी तो कागद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली. खिडकीतली फळी मात्र तशीच राहिली, आणि भांडी तशीच वेगळी. कागद वाचून भीती जाते, असं मलाही कुठे झालं होतं?

मंडळीने प्रेमाने स्वागत केलं. कोणी अंडी आणून दिली, कोणी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. मात्र उंबऱ्यापाशीच टेकून सगळ्यांना काहीतरी काम आठवायचं. द्राक्षारसाचं काम दुसऱ्या एका बाईकडे गेलं होतं. पाळकसाहेबांच्या मिसेस म्हणाल्या, "तुम्ही आता आराम करा." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. किल्ली मात्र त्यांनी परत दिली नाही, आणि मी मागितली नाही.

पहिल्या प्रभुभोजनाला मी घरी राहिले. अंग दुखतं म्हणाले. दुसऱ्या महिन्यातही तेच. मला तिथे जायचं होतं, फार जायचं होतं. दवाखान्यात मिळालेला विसावा मला प्रभुभोजनाच्या त्या मेजाकडेच ओढत होता. पण डोळ्यांपुढे चित्र यायचं की माझ्यानंतर प्याला पुढच्या बाईकडे जातो आहे आणि ती ओठ न लावता नुसती मान झुकवते आहे. तसं झालं असतं तर मी त्या चर्चमध्ये परत पाऊल टाकलं नसतं. मला माझा स्वभाव माहीत आहे.

मग मी एक युक्ती काढली. रांगेत सगळ्यात शेवटी जायचं. आपल्यानंतर कोणीच नाही, म्हणजे कोणाला भीती नाही आणि आपला अपमानही नाही. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. तिसऱ्या महिन्यात मी लुगड्याला इस्त्री केली आणि यांच्याबरोबर निघाले. सासूबाई नलूला घेऊन मागून आल्या.

चर्चमध्ये त्या दिवशी माणसं कमी होती. कापूस वेचणीचे दिवस, खेड्यांवरची मंडळी आलेली नव्हती. म्हातारी माणसं आधी पुढे गेली, मग पुरुष, मग बायका. मी मागच्या बाकावर डोळे मिटून बसले. सगळ्यांची पावलं परतल्यावर उठले, पुढे गेले आणि गुडघे टेकले.

भाकरीचा तुकडा मिळाला. मग पाळकसाहेबांनी प्याला माझ्यापुढे धरला. मी तो दोन्ही हातांत घेतला आणि ओठ लावले. इतक्या महिन्यांनी तोच गोडसर, किंचित करपट वास. रस मी केलेल्यापेक्षा पातळ होता, हेही लक्षात आलं, काय करणार. आणि प्याला खाली घेताना मी आत पाहिलं. तो अर्ध्याहून जास्त भरलेला होता.

तेव्हा मला उमगलं. उरलेलं पाळकसाहेब पिणार. दर महिन्याला ते पीत आणि तो रिकामा प्याला मीच घासत असे. सगळ्या मंडळीत हे माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. पण पाळकसाहेबांना मी रांगेतलं माणूस म्हणून कधी मोजलंच नव्हतं. त्यांना दमा होता. घरी ते मांडीवर झोपणारं लेकरू होतं. शेवटी जाऊन मी नेमका त्यांच्याच आधी नंबर लावला होता.

माझे हात प्याल्याला घट्ट बसले. मी हळू आवाजात म्हणाले, "साहेब, मीच संपवते सगळं."

"बाई, सोडा," ते तितक्याच हळू म्हणाले.

"नको. तुम्ही नका."

"सोडा. ते काम माझं."

मला सोडवेना. दवाखान्यातले सगळे कागद, डॉक्टरांचे शब्द, सगळं मला ठाऊक होतं, तरी बोटं उघडेनात. मागे बाकांवरून सगळे बघत असणार हे मला पाठीला कळत होतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मागे घोट्याचा कटकन आवाज झाला आणि कोणीतरी कण्हत माझ्या शेजारी गुडघे टेकले. सासूबाई. म्हाताऱ्या माणसांबरोबर त्या आधीच जाऊन आल्या असतील असं मी धरून चालले होते. त्या गेल्याच नव्हत्या.

"थांबा साहेब, मी बाकी शे," त्या म्हणाल्या. कुजबुजल्या नाहीत, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. मग माझ्या बोटांवर त्यांनी हात ठेवला. "दे इकडे."

मी सोडला. पाळकसाहेबांनी फडकं पुढे केलं, पण तोवर सासूबाईंनी प्याला तोंडाला लावला होता. त्या सावकाश प्यायल्या, अगदी दोन-तीन घोट. मग प्याला पाळकसाहेबांना दिला, आणि त्यांनी उरलेला रस संपवला.

परत येताना हे आणि नलू पुढे होते. आम्ही दोघी मागून, सासूबाईंच्या गुडघ्यांच्या चालीने. मी विचारलं, "माय, भीती नाही वाटली?"

"वाटनी ना," त्या म्हणाल्या. "मी काय दगड शे? पन तुले एकलीले शेवट कशी सोडू?"

मी रस्त्यातच थांबून रडले. त्या उभ्या राहिल्या, माझं रडून होईपर्यंत.